आयव्हीएफचं पुढचं ट्रान्सफर आणि अर्धा एकर जमीन: आधी बिल उलगडून पाहू

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लग्नाला सहा वर्षं झाली. तुमचं वय ३४, मिसेसचं ३१. तुमचा काउंट (शुक्राणूंची संख्या) बराच कमी, त्यांचे रिपोर्ट जवळपास नॉर्मल, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) २.४, गर्भपिशवीचं अस्तर ९ मिमी. क्लिनिकने ‘दीड लाखात आयव्हीएफ’ (टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार) सांगितलं होतं, पण बिलं जोडली तर दोन लाख ऐंशी हजार झाले. पाच ब्लास्टोसिस्ट (लॅबमध्ये पाच-सहा दिवस वाढलेले भ्रूण) तयार झाले, त्यातले दोन लगेच आत सोडले, रिझल्ट निगेटिव्ह आला, तीन फ्रीझ करून ठेवलेत. आता ईआरए, पीजीटी-ए आणि पीआरपी करून ‘दुसरं सायकल’ करू, त्याला सव्वादोन लाख लागतील, असं सांगितलंय. सासरे अर्धा एकर विकायला तयार आहेत. ही लूट आहे का, आणि पैसे उभे करावेत का, असं तुम्ही विचारता.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात शिकले, नंतर वंध्यत्वाचंच काम करत राहिले आणि आता जिल्ह्याच्या गावी छोटी लॅब चालवते. म्हणजे तुम्ही ज्या खर्चाबद्दल चिडला आहात, त्याच खर्चावर माझं घर चालतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

पहिली गोष्ट. तुम्ही ज्याला दुसरं सायकल म्हणताय, ते दुसरं सायकल नाहीच. आयव्हीएफमधला महागडा भाग असतो दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं, भूल देऊन केलेलं पिकअप (अंडाशयातून बीजं काढून घेणं) आणि मग लॅबमधले पाच दिवस. तो भाग तुमचा होऊन गेलाय, त्याचे पैसे भरून झालेत आणि त्याचंच फळ म्हणजे ते तीन ब्लास्टोसिस्ट. आता राहिलंय ते फ्रोझन ट्रान्सफर. अस्तर तयार करायचं, भ्रूण वितळवायचा, एका बारीक नळीने गर्भपिशवीत सोडायचा. याला भूलही लागत नाही. आमच्या भागात औषधं, सोनोग्राफी धरून याचे साधारण चाळीस ते साठ हजार होतात, पुण्या-मुंबईत थोडे जास्त. मग सव्वादोन लाखांतले उरलेले दीड-पावणेदोन लाख कशाचे? त्या तीन जोडकामांचे. म्हणून जमीन विकायची की नाही यापेक्षा आधीचा प्रश्न असा, की ही तीन कामं तुमच्या बाबतीत लागतात का.

पीजीटी-ए म्हणजे भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या काही पेशी काढून त्यांतली गुणसूत्रं मोजायची. यात दोन अडचणी आहेत. तुमचे भ्रूण तपासणी न करताच फ्रीझ झालेत. आता तपासायचे तर ते वितळवायचे, पेशी काढायच्या, पुन्हा फ्रीझ करायचे आणि रिपोर्ट आल्यावर ट्रान्सफरसाठी पुन्हा वितळवायचे. चांगल्या लॅबमध्ये बहुतेक भ्रूण यातून तगतात, पण हा भार विनाकारण कशाला घालायचा? दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. ही तपासणी भ्रूण सुधारत नाही, फक्त निवडते. पंधरा भ्रूण असतील तर आधी कोणता सोडायचा हे ठरवायला निवड उपयोगी पडते. तुमच्याकडे तीन आहेत, ते तिन्ही तुम्ही एकेक करून वापरणारच आहात. ३१ व्या वर्षी ब्लास्टोसिस्टपैकी निम्म्याहून जास्त गुणसूत्रांच्या दृष्टीने ठीक असतात. शिवाय रिपोर्ट नेहमी काळा-पांढरा येत नाही. ‘मोझॅक’ (काही पेशी ठीक, काही सदोष) असा निकाल आला की घरात आठवडाभर कुणी जेवत नाही, आणि ज्या भ्रूणातून कदाचित मूल झालं असतं तो बाजूला ठेवला जातो. एका भ्रूणामागे पंधरा ते पंचवीस हजार घेतात. वारंवार गर्भपात झाले असतील, नवरा-बायकोपैकी कुणाच्या गुणसूत्रांत दोष सापडला असेल, किंवा घरात ठरावीक आनुवंशिक आजार असेल, तर गोष्ट वेगळी आणि तिथे मीही तपासणी सुचवते. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसत नाही.

ईआरएमध्ये आधी एक महिना खोटं सायकल करून अस्तराचा तुकडा काढतात आणि गर्भ रुजण्याची ‘खिडकी’ नेमकी कधी उघडते ते सांगतात. कल्पना ऐकायला फार सुंदर आहे, आम्हा डॉक्टरांनाही ती सुरुवातीला भावली होती. पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला ईआरएप्रमाणे वेळ ठरवून ट्रान्सफर केलं, दुसऱ्याला नेहमीच्या वेळेला. मूल होण्याच्या प्रमाणात फायदा दिसला नाही. पीआरपी म्हणजे पेशंटच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून गर्भपिशवीत सोडायचा. त्याचं सांगायचं तर, अस्तर पातळ राहत असेल तर काही जण प्रयत्न करून पाहतात, पुरावा तिथेही कच्चाच आहे. तुमचं अस्तर ९ मिमी आहे. त्याला खतपाणी कशाला हवंय?

ब्रिटनची एचएफईए नावाची नियामक संस्था अशा जोडकामांना पुराव्याप्रमाणे रंग देते, हिरवा म्हणजे फायद्याचा पुरावा पक्का. मूल होण्याची शक्यता वाढवण्यासाठी ईआरए किंवा पीजीटी-ए यांपैकी कशालाही तिथे हिरवा रंग नाही. ही यादी मी पेशंटला मोबाइलवर उघडून दाखवते, कारण माझ्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणण्यात अर्थ नसतो. सगळेच तसं म्हणतात.

आता न्यायाचं बोलायचं तर तुमचे डॉक्टर हे फसवण्यासाठीच सुचवताहेत असं मी म्हणणार नाही. ट्रान्सफर फेल गेलं की समोर बसलेलं जोडपं विचारतं, “मग आता वेगळं काय करणार?” ‘काही नाही, तेच पुन्हा’ हे उत्तर खरं असलं तरी द्यायला जड जातं आणि ऐकायला त्याहून जड. पेशंट उठून दुसरीकडे जातो आणि तिथे त्याला नवीन चाचणी मिळते. यातून जोडकामांची रांग वाढत गेलीय. पण एक ट्रान्सफर निगेटिव्ह येणं म्हणजे गर्भ रुजत नसल्याचं निदान नव्हे. चांगला ब्लास्टोसिस्ट, चांगलं अस्तर, तरुण वय, सगळं जमून आलं तरी पस्तिशीच्या आत एका भ्रूणामागे मूल होण्याची शक्यता साधारण तीनात एक. ब्रिटनचे आकडेही त्याच घरातले आहेत. म्हणजे फेल जाणं हे जास्त वेळा घडतं. हे पहिल्याच भेटीत नीट सांगितलं, तर निम्मी जोडकामं आपोआप गळतील असं माझं मत आहे.

कागदावरचं गणित मांडायचं तर तीन भ्रूण, प्रत्येकाला तीनात एक, म्हणजे तिन्ही संपेपर्यंत मूल होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास. प्रत्यक्षात मात्र ती त्याहून कमी धरा, कारण आम्ही नेहमी उत्तम दिसणारे भ्रूण आधी सोडतो आणि तुमचे दोन आधी गेलेत. उरलेल्या तिघांचे ग्रेड काय आहेत, ते पाचव्या दिवशी फ्रीझ झाले की सहाव्या, यावर बरंच अवलंबून आहे. तो एम्ब्रियोलॉजीचा, म्हणजे लॅबमधल्या भ्रूणांच्या नोंदीचा, कागद तुमच्या फाइलमध्ये असायला हवा. नसेल तर मागून घ्या.

मग ट्रान्सफरच्या आधी मी स्वतः काय पाहीन? गर्भपिशवीच्या पोकळीत पॉलिप, फायब्रॉइड, चिकटलेपणा नाही ना, हे नीट केलेल्या सोनोग्राफीत, शंका असेल तर हिस्टेरोस्कोपीत (गर्भपिशवीत दुर्बीण घालून). गर्भनलिका पाण्याने फुगलेली नाही ना, कारण तसं असेल तर ते पाणी झिरपून शक्यता बरीच घटवतं आणि तिथे शस्त्रक्रियेवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही. थायरॉइड, साखर. आधीचं ट्रान्सफर नळी घालताना त्रासाचं झालं होतं का. एवढंच. हे सगळं आधीच झालं असेल तर पुन्हा करायची गरज नाही.

मिसेसची पाळी नियमित असेल तर नैसर्गिक सायकलमध्ये फ्रोझन ट्रान्सफर करता येईल का, हे जरूर विचारा. यात अस्तर वाढवायच्या गोळ्या लागत नाहीत, त्यांचं स्वतःचं बीज फुटतं तो दिवस पकडून पुढचं ठरवतात. निकाल औषधांच्या सायकलइतकेच चांगले येतात, खर्च कमी होतो आणि पुढे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोकाही कमी दिसतो. मग सगळीकडे हेच का करत नाहीत? कारण बीज रविवारी फुटलं तर ट्रान्सफर शुक्रवारी येतं, आणि त्या शुक्रवारी एम्ब्रियोलॉजिस्ट (भ्रूण हाताळणारा लॅबतज्ज्ञ) दुसऱ्या गावी असतो. लहान शहरांत बरीच क्लिनिकं ‘बॅच’ लावतात. बाहेरून येणारा एम्ब्रियोलॉजिस्ट महिन्यातले ठरावीक दिवस थांबतो आणि सगळ्या पेशंटच्या तारखा औषधांनी त्या दिवसांवर आणतात. यात गैर असं काही नाही, नाहीतर आमच्यासारख्या गावांत आयव्हीएफ झालंच नसतं. पण आपली तारीख शरीरावरून ठरतेय की बॅचवरून, हे पेशंटला माहीत असावं.

आणि एकाच वेळी दोन-तीन सोडा असा आग्रह धरू नका. ‘एकाच खर्चात काम होऊन जाईल, जुळी झाली तर बरंच’ हे मी दर आठवड्याला ऐकते, बहुतेक वेळा सासूबाईंच्या तोंडून. जुळी मुलं बऱ्याचदा लवकर जन्मतात. खासगी एनआयसीयूत दोन बाळं तीन आठवडे राहिली, की आयव्हीएफचं बिल किरकोळ वाटायला लागतं. एका वेळी किती भ्रूण सोडायचे, याला मर्यादा असते. ३१ व्या वर्षी, ब्लास्टोसिस्ट असताना, मी एकच सोडते. प्रत्येक वेळी चाळीस ते साठ हजार वेगळे पडतात हे खरं आहे, आणि ज्याच्याकडे तेवढेच आहेत त्याला माझा सल्ला महाग वाटतो हेही खरं. तिथे बसून बोलावंच लागतं.

आता दीड लाखाचे दोन ऐंशी कसे झाले, ते पाहू. तुम्ही बिलं टाकलीत हे फार बरं केलंत. पॅकेजमध्ये काय होतं? पिकअप, लॅब, ट्रान्सफर. बाहेर काय होतं? इंजेक्शनं बहात्तर हजार, इक्सी (एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडणं) वेगळी, पाचव्या दिवसापर्यंत वाढवण्याचे वेगळे, फ्रीझिंग वेगळं, भूलतज्ज्ञ वेगळा, रक्ततपासण्या आणि सोनोग्राफ्या वेगळ्या. मंगल कार्यालयाचं भाडं सांगावं आणि जेवण, मांडव, जनरेटर मागाहून लावावा, तसा हा प्रकार झाला. तुमचा काउंट पाहता इक्सी लागणार हे पहिल्या दिवशीच दिसत होतं, ती पॅकेजबाहेर ठेवायचं कारण एकच, की जाहिरातीतला आकडा लहान दिसावा. रक्कम अवाजवी आहे असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे एका पूर्ण सायकलला दोन ते तीन लाख लागतातच. आक्षेप आहे तो आकडा लपवण्याला. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा सांगतो, की उपचाराचे फायदे, तोटे, धोके आणि खर्च जोडप्याला समजावून सांगणं क्लिनिकचं काम आहे. तक्रार निवारण कक्ष ठेवणंही त्याच कायद्यात आहे. तेव्हा लेखी, बाबवार अंदाजपत्रक मागताना संकोच करू नका. ‘टोटल किती’ असं विचारू नका, कारण त्याला टोटलच उत्तर मिळतं. ‘यात काय येत नाही’ असं विचारा.

इंजेक्शनांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण वाचवायला सगळ्यात जास्त जागा तिथे आहे आणि पेशंट तिथेच सगळ्यात कमी बोलतात. बीज वाढवणारी इंजेक्शनं दोन घराण्यांतली असतात. लघवीतून शुद्ध करून काढलेली एचएमजी आणि प्रयोगशाळेत बनवलेली रिकॉम्बिनंट. दुसरी महाग असतात. मूल होण्याच्या प्रमाणात त्यांत म्हणण्यासारखा फरक नाही. माझ्याकडे पैशाची ओढाताण असलेल्या बहुतेक पेशंटना मी पहिली वापरते. दुसरं, डोस. जास्त इंजेक्शनं म्हणजे जास्त बीजं, असं एका मर्यादेपर्यंतच चालतं, त्यापुढे फक्त बिल वाढतं. ज्यांचा साठा मुळातच कमी आहे त्यांना रोज मोठा डोस देऊन फार काही हाती लागत नाही, तिथे गोळ्या आणि थोडी इंजेक्शनं असं सौम्य सायकल बऱ्याचदा तेवढंच देतं. तिसरं, छापील किंमत. या औषधांत छापील किंमत आणि दुकानदाराची खरेदी यांत मोठं अंतर असू शकतं आणि ते अंतर कुणाच्या खिशात जातं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रुग्णालयाच्याच मेडिकलमधून औषध घ्यायचं बंधन नाही, तसा फलक लावायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलंय. बाहेरून घ्यायचं तर बॅच नंबर असलेलं पक्कं बिल घ्या आणि बर्फाच्या डब्यातून आणा. ही इंजेक्शनं उन्हाळ्यात एसटीच्या रॅकवर ठेवून चालत नाहीत. आणखी एक, आयव्हीएफची सेवा जीएसटीमुक्त आहे. औषधांवर कर असतो, पण क्लिनिकने उपचारांवर अठरा टक्के लावले असतील तर कशाचे ते विचारा.

पण हेही सांगायला हवं, की खर्च खरोखर होतो. इनक्युबेटर, सूक्ष्मदर्शकाला जोडलेलं इक्सीचं यंत्र, हवा गाळणारी यंत्रणा, दिवसरात्र अखंड वीज आणि तिला दुहेरी बॅकअप. भ्रूण ज्यात वाढतात ती मीडिया बहुतांशी आयात होते, थंड साखळीतून येते आणि थोड्या दिवसांत तिची मुदत संपते. महिन्यात आठ सायकल झाली काय किंवा चाळीस झाली काय, इनक्युबेटर तेवढीच वीज घेतो. म्हणून मोठ्या साखळी केंद्रांना दर खाली आणता येतो. गंमत म्हणजे तो खाली आलेला दर बऱ्याचदा हायवेवरच्या होर्डिंगमध्ये खर्च होतो, ज्यावर गुटगुटीत गोरं बाळ असतं. त्याखेरीज पेशंट पाठवणाऱ्याला द्यायचा ‘कट’. सगळे देतात असं नाही, पण महाराष्ट्रात ही प्रथा इतकी ठाऊक आहे की तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करायची वेळ सरकारवर आली होती. ज्या डॉक्टरने तुम्हाला त्या क्लिनिकचं नाव सुचवलं, त्यांनी आणखी एखादं नाव सुचवलं होतं का, आठवून पाहा.

विम्याचं तुम्ही विचारलंत, ते झटकन सांगते. साध्या आरोग्य पॉलिसीत ‘वंध्यत्व’ वगळलेलं असतं, वगळण्याच्या प्रमाणित यादीतच ते आहे. आयुष्मान भारतमध्येही प्रजननाचे उपचार बसत नाहीत. काही कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत मर्यादित रक्कम मिळते, एचआरला विचारा. नात्यात कुणी केंद्र सरकारी नोकरीत असून सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेत असेल आणि त्यांना गरज पडली, तर आधी परवानगी घेऊन ठरावीक रकमेपर्यंत परतफेड होते. तुम्ही स्वतःचा छोटा व्यवसाय लिहिलाय, म्हणजे तुम्हाला यातलं बहुधा काहीच लागू नाही.

सरकारी दवाखान्याचं मात्र सविस्तर सांगावंसं वाटतं. शास्त्रीय नोंदी असलेलं भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएममध्ये जन्मलं. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. एक महापालिकेचं रुग्णालय आणि एक सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून केलेलं. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी हे करून दाखवलं होतं, त्यांना त्या वेळी सरकारने मानलं नाही, ती वेगळीच शोकांतिका. सांगायचं हे, की या देशात या तंत्राचं शास्त्रीय नोंदी असलेलं पहिलं यश खासगी इमारतीतलं नाही. नंतर सरकारी व्यवस्थेने वंध्यत्वाकडे पाठ फिरवली, कारण धोरणात आपली अडचण ‘लोकसंख्या’ ही होती, मूल न होणं नव्हे. ती जागा खासगीने भरली आणि दर त्याने ठरवले. आता थोडं बदलतंय. मुंबईत कामा आणि आल्ब्लेस रुग्णालयात राज्य सरकारचं आयव्हीएफ केंद्र आहे. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये २०२३ मध्ये मोफत उपचार सुरू झाले. दिल्लीच्या एम्समध्ये बऱ्याच वर्षांपासून खासगीच्या मानाने कमी खर्चात होतं. सगळीकडे रांग आहे आणि फेऱ्या आहेत. तुमचे भ्रूण एका ठिकाणी फ्रीझ असताना तुम्हाला आत्ता याचा फारसा उपयोग नाही, पण तिन्ही संपले आणि पुन्हा पिकअपची वेळ आली तर ३१-३२ वयाला काही महिने थांबणं परवडतं. तेव्हा कामा रुग्णालयाच्या ओपीडीत नाव घालायला हरकत नाही. हेच मिसेस ३९ वर्षांच्या असत्या तर मी असं म्हटलं नसतं. त्या वयात सहा महिन्यांची रांग ही सगळ्यात महागडी बचत ठरते. चाळिशी ओलांडली की एका भ्रूणामागची शक्यता दहात एकच्या आसपास येते, आणि ते कुठलंही पॅकेज परत आणून देत नाही.

इथवरचं एकत्र धरलं तर तुमचं पुढचं पाऊल पन्नास-साठ हजारांचं आहे, सव्वादोन लाखांचं नाही. तेवढ्यासाठी अर्धा एकर विकायची वेळ येऊ नये.

दुसरीकडे जावं का? भ्रूण स्वतःच्या वापरासाठी दुसऱ्या नोंदणीकृत केंद्रात हलवता येतात, पण कायद्याने त्याला परवानगी लागते, कागदपत्रं लागतात आणि नायट्रोजनच्या टाकीतून नेण्याचा खर्च पडतो. लॅबने पाच ब्लास्टोसिस्ट दिलेत, म्हणजे लॅब वाईट नाही. मी तुमच्या जागी असते तर तिथेच राहिले असते आणि डॉक्टरांना सरळ म्हटलं असतं, “साहेब, आम्हाला आधी एक भ्रूण साधेपणाने सोडून पाहायचाय, जोडकामं नकोत.” ते ऐकून घेतात की रागावतात, यावरून पुढचं ठरवा. दुसरं मत घ्यायला मात्र फाइल घेऊन कुठेही जा, त्यासाठी भ्रूण हलवावे लागत नाहीत. फ्रीझिंगचं वार्षिक भाडं किती आणि ते भरायचं राहिलं तर काय होतं, तेही लेखी घेऊन ठेवा. कायद्याने दहा वर्षांपर्यंत साठवता येतं.

कर्जाचं. क्लिनिकच्या काउंटरवर बसलेला फायनान्सवाला ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणतो, त्यात प्रोसेसिंगचे पैसे किंवा न मिळालेली सवलत लपलेली असते. रोख भरलं तर किती, हे विचारलं की व्याज दिसतं. ‘मूल नाही तर पैसे परत’ अशी पॅकेजं बारकाईने वाचा. त्यात बहुतेक वेळा वयाची आणि एएमएचची अट असते, म्हणजे ज्यांना एरवीही लवकर यश आलं असतं अशीच जोडपी घेतात, आणि औषधांचे पैसे परताव्यात धरत नाहीत. तुम्ही दोघं त्या अटींत आरामात बसाल, म्हणून तुम्हाला ते आग्रहाने विकलं जाईल. घेऊ नका.

त्यापेक्षा एक काम करा. पैसे उभे करण्याआधी दोघं बसून ठरवा, की कुठपर्यंत जायचं. माझ्या पेशंटना मी हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी विचारते, कारण फेल गेल्याच्या संध्याकाळी कुणालाच नीट ठरवता येत नाही. हे तीन भ्रूण संपेपर्यंत? त्यानंतर आणखी एक पिकअप? डोनर शुक्राणूंचा विचार मान्य आहे का, ज्यात आययूआयनेही (शुक्राणू थेट गर्भपिशवीत सोडणं) काम होऊ शकतं आणि खर्च काही हजारांवर येतो? दत्तक? उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात, नवऱ्याचं एक आणि बायकोचं दुसरं. सासऱ्यांच्या जमिनीचा विषय त्यानंतर. माहेरची जमीन विकून केलेलं ट्रान्सफर फेल गेलं, की त्याचा भार तुमच्यापेक्षा तुमच्या मिसेसवर जास्त पडतो. मुळात काउंट तुमचा कमी आहे आणि इंजेक्शनं त्यांनी टोचून घेतलीत. तुमच्या प्रश्नात त्यांचं मत कुठे आलं नाही, म्हणून हे लिहिलं.

तुमच्याबद्दलही एक विचारायचं राहिलं. काउंट कमी का आहे, हे कुणी पाहिलं का? युरोलॉजिस्टने तपासलं, हार्मोन पाहिले, व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा) आहे का बघितलं? तंबाखू, गुटखा, जिममध्ये कुणी दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं? शेवटच्या गोष्टीने काउंट शून्यावर जाताना मी पाहिलाय आणि ती थांबवल्यावर कित्येकांचा हळूहळू परत आलेलाही. आयव्हीएफच्या घाईत पुरुषाची तपासणी एका सीमेन रिपोर्टवर उरकली जाते. दोन-तीन हजारांत होणारं काम आहे आणि पुढे पुन्हा पिकअपची वेळ आलीच तर त्याचा उपयोग होईल. अँटिऑक्सिडंटच्या महागड्या पुड्यांवर मात्र महिन्याला तीन-चार हजार घालवू नका.

हे वाचणाऱ्या इतर जोडप्यांसाठी दोनच ओळी. पीसीओएस असेल आणि बीज फुटत नसेल, तर लेट्रोझोलच्या स्वस्त गोळ्या हा पहिला उपचार आहे, आयव्हीएफ नव्हे. आणि नुसता एएमएच कमी आला म्हणून घाबरून पॅकेज घेऊ नका. बीजांचा साठा किती आणि इंजेक्शनांना प्रतिसाद कसा येईल, एवढंच तो सांगतो. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे त्यावरून कळत नाही.

आता तुम्ही तिन्ही भ्रूणांचे ग्रेड, कितव्या दिवशी फ्रीझ झाले, हिस्टेरोस्कोपी झाली होती का आणि पाळी किती दिवसांनी येते, एवढं इथे लिहा. रिपोर्टवरची नावं आणि क्लिनिकचा शिक्का झाकून फोटो टाका. नैसर्गिक सायकल जमेल की नाही, ते त्यावरून सांगते.